पक्कडीचे दात

१

गाडी चेपली होती मागून, पण मेली होती पुढून.

मुलुंडच्या चेकनाक्याजवळ पत्रे ठोकलेल्या एका आवारात ती लाल गाडी आणून टाकली होती. क्षमाने बॉनेट उघडलं तसा जळक्या ऑइलचा वास नाकात घुसला. ऑक्टोबरचं ऊन सकाळीच तापलेलं, कुर्ता पाठीला चिकटलेला, आणि गुडघे तर उठल्यापासूनच कुरकुरत होते. विमा कंपन्यांसाठी अपघाताच्या गाड्या तपासण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. गाड्या खोटं बोलत नाहीत, माणसं बोलतात, आणि माणसांचाच तिला आताशा कंटाळा आला होता.

घडलं होतं ते असं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पार्ल्याचा मुकुल बहिणीला, दीप्तीला, घेऊन हायवेने ठाण्याकडे निघाला होता. मुलुंडला गाडी जोरात असताना इंजिनाने आचके दिले आणि ते बंद पडलं. मागून टेम्पो आदळला, गाडी गरकन फिरून दुभाजकावर गेली. मुकुलला खरचटलं, दीप्तीचा पाय मोडला. गाडी टर्बोची, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारी. घाटकोपरच्या एका गॅरेजात आठवड्याभरापूर्वीच तिच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदलून ताकद वाढवून घेतली होती. हे काम करणारा नितेश आता क्षमाच्या मागे लॅपटॉप छातीशी धरून उभा होता. मुकुलच्या वडिलांनी पोलिसांत तक्रार दिली होती. क्षमाच्या अहवालात ‘सदोष काम’ एवढे दोन शब्द आले की नितेशला आत घेणार, हे चौकीतल्या साहेबांनी त्याला तोंडावर सांगितलं होतं.

"मॅडम, माझं काम बरोबर होतं."

"सगळ्यांचंच असतं," क्षमा म्हणाली.

तिने स्पार्क प्लगच्या भोकातून बारीक कॅमेरा आत सोडला. उंदराने भाकरी कुरतडावी तसा एक पिस्टन कडेने फुटला होता.

"नॉक झालंय," ती म्हणाली. पेट्रोल ठिणगीच्या तंत्राने न पेटता आपल्या मर्जीने फुटलं की पिस्टनवर हातोडे पडतात. त्याला नॉक म्हणतात. असे हातोडे पडत राहिले की लोखंडही किती सोसणार?

"तेच तर म्हणतोय मी!" नितेशने लॅपटॉप उघडून तिच्यापुढे धरला. "इंजिनाला एक सेन्सर असतो. कानच म्हणा ना. नॉक ऐकू आला की तो कॉम्प्युटरला सांगतो, कॉम्प्युटर ठिणगी मागे घेतो, इंजिन वाचतं. ही बघा त्या कानाची रेघ. मी गाडी दिली तेव्हाची. कशी थरथरतेय? चांगलं इंजिनही थोडं वाजतंच. आणि ही अपघाताच्या आधीची. पिस्टन फुटतोय आणि रेघ बघा."

रेघ जवळजवळ सपाट होती. दवाखान्यातल्या पडद्यावर माणूस गेल्यावर दिसते तशी.

क्षमाने सुस्कारा टाकला, बांगडी मागे सारली आणि इंजिनामागच्या फटीत कोपरापर्यंत हात घातला. बोट खरचटलं, कातडं सोललं, पण बोल्ट लागला. तो सोडवून तिने सेन्सर बाहेर काढला. त्याच्या बुडाला काळ्या रबराची पातळ चकती होती. टायरच्या ट्यूबमधून ब्लेडने कापलेली, अगदी गोल.

नितेशचा चेहरा पांढरा पडला. "हे माझं नाही. सेन्सर नुसत्या लोखंडावर बसवायचा असतो. मध्ये रबर घातलं तर त्याला ऐकू कसं येणार?"

बोल्टच्या डोक्यावर दातांचे ओरखडे होते. पान्याचे नव्हेत, पक्कडीचे. क्षमाने डिकी उघडली. स्टेपनीशेजारी फडक्यात गुंडाळलेली एक जुनी पक्कड निघाली. तिचे दात बोल्टवरच्या ओरखड्यांत चपखल बसले.

इंजिनाच्या कानात कोणीतरी बोळा घातला होता.

२

"पक्कड?" सहदेव हसला. "अहो मॅडम, आमच्याकडे कोणी बोल्टला पक्कड लावली तर धाकूमामा त्याचा हात पिरगळेल."

सहदेव गॅरेजचा मालक. घाटकोपरला, असल्फ्याच्या चढावर, त्याचं दोन शटरचं गॅरेज. गॅरेजचा खरा जीव मात्र धाकूमामा. तो नितेशचा सख्खा मामा. गिरणी बंद पडल्यावर हा कोकणी माणूस मोटारीच्या कामात शिरला आणि निव्वळ कानावर नाव कमावून बसला. पोरक्या नितेशला त्यानेच वाढवलं, त्यानेच शिकवलं. आज तो आला नव्हता. भाच्याच्या प्रकरणाने त्याची तब्येत बिघडली होती म्हणे.

"गाडी नितेशने दिल्यावर पुन्हा इथे आली होती?"

"दसऱ्याला आली की, पूजेला! आमची सगळी गिऱ्हाइकं आणतात. हार घालायचा, लिंबं ठेवायची. पण काम नाय झालं हां. खंडेनवमीला आम्ही हत्यारं धुऊन पुसून लाल कापडावर मांडतो. दसऱ्याला त्यांची पूजा. दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना बोट लावायचं नाय. धाकूमामाचा नियमच आहे तो. एकदा विकी म्हणून एका पोराने पान्याला हात लावला, तर मामा आठवडाभर त्याच्याशी बोलला नाही."

"हत्यारं उघड्यावरच होती?"

"समोरच. या इथे."

क्षमाने त्या जागेकडे पाहिलं. दिव्याच्या तेलाचा डाग अजून फरशीवर होता. गाडी उभी होती ती जागा तिथून हाताच्या अंतरावर.

"नितेश होता पूजेला?"

सहदेवचं हसू मावळलं. "आरतीपुरता. मग गुल. नंतर कळलं, मुलुंडला स्वतःचं दुकान बघायला गेला होता. पोराला पंख फुटले तर उडू दे ना! पण हा घरटं उचलूनच निघाला. माझी अर्धी गिऱ्हाइकं त्याच्या मोबाईलमध्ये आहेत."

"म्हणजे त्याचं नाव खराब झालं तर तुमची गिऱ्हाइकं वाचतात."

सहदेवने वरच्या पाटीकडे बोट केलं. "आणि माझ्या गॅरेजची पाटी खाली येते, त्याचं काय? मॅडम, मी चिडका आहे. येडा नाही."

यात तथ्य होतं. क्षमाला मात्र दुसरंच काही टोचत होतं. तो बोल्ट इंजिनाच्या पोटात लपलेला. माहितगाराशिवाय तो कोणाला सापडणार नाही. मग माहितगाराच्या हातात पक्कड कशी? हात उस्तादाचा आणि हत्यार अडाण्याचं! आणि तेसुद्धा चकाकणारे पाने समोर मांडलेले असताना.

"पूजेनंतर गाडीपाशी कोण होतं?" निघताना तिने विचारलं.

"मी आपट्याची पानं वाटायला गेलो. गिऱ्हाईक आणि त्याची बहीण नाश्त्याला गेली. मामा बसला होता हत्यारांसमोर." सहदेव थांबला. "पण मामाचं नाव घेऊ नका. पोलिसांना नितेशविरुद्ध जबानी कोण देतंय, माहिताय तुम्हाला? मामाच."

३

पार्ल्याच्या घरात चहा आला, बिस्किटं आली, आणि त्याच्याबरोबर नंदकुमारांचा संतापही आला. ते मुकुलचे वडील, बँकेतून निवृत्त झालेले.

"असल्या माणसांना आत टाकलं पाहिजे. माझी मुलगी काठी घेऊन चालतेय."

दीप्ती प्लास्टरचा पाय खुर्चीवर ठेवून बसली होती. "बाबा, हळू. शेजारचे ऐकतायत."

"ऐकू देत!"

मुकुल कोपऱ्यात मोबाईल चाळत होता. आईबापाच्या घरात राहणाऱ्या, पण गाडीत राजा असणाऱ्या मुलांचा चेहरा असतो तसा त्याचा चेहरा. क्षमाने त्याला सरळच विचारलं, "पेट्रोल कुठलं भरलं होतं?"

"नितेशने सांगितलेलं. भारीतलं."

"दादा," दीप्ती म्हणाली, "सांगून टाक ना आता."

"काय सांगायचं?"

"पंपावर ते भारीतलं नव्हतं आणि तू साधं भरलंस. नवमीला. मी शेजारी बसले होते, आंधळी नाहीये."

नंदकुमार मुलाकडे वळले. मुकुल जमिनीकडे बघू लागला. "एकदाच भरलं. मला काय माहीत एवढं होईल? नंतर गाडी जरा जड वाटली, ओढत नव्हती. बस."

क्षमाने मनाशी जुळवलं. साध्या पेट्रोलने नॉक सुरू झाला. कानाने तो ऐकला, कॉम्प्युटरने ठिणगी मागे घेतली, म्हणून गाडी जड झाली. म्हणजे कान तेव्हा शाबूत होता आणि इंजिन वाचवत होता.

"आवाज आला होता?"

"छे," मुकुल म्हणाला.

"आला होता," दीप्ती म्हणाली. "दसऱ्याला असल्फ्याचा चढ चढताना. बरणीत खडे घालून हलवावेत तसा. बारीक, किणकिण. याला गाडी चालवता येते, ऐकता येत नाही. सारखी गाणी लावलेली."

"मी सांगितलं ना त्या मामांना!" मुकुल उसळला. "म्हटलं, गाडी ओढत नाही, आणि हिला काहीतरी वाजल्यासारखं वाटतंय. ते म्हणाले, ठेव, बघतो. आम्ही नाश्ता करून आलो तर गाडी एकदम झकास! आधीसारखी पळायला लागली. मी कशाला तक्रार करू?"

"मामांनी काय केलं म्हणाले?"

"काही नाही म्हणाले. नुसती पूजेची फेरी मारली. आज पाना उचलायचा नाही म्हणाले."

क्षमाने पिशवीतून फडकं काढून ती पक्कड टेबलावर ठेवली. नंदकुमारांनी लगेच चष्मा लावला.

"ही माझी! माझ्या पहिल्या स्कूटरची. डिकीत मीच ठेवायला लावली. पण मी ती वर्तमानपत्रात गुंडाळतो. हे फडकं कोणाचं? आणि हे काय लागलंय?"

पक्कडीच्या सांध्यावर लाल ठिपका होता. क्षमाला सकाळी तो गंज वाटला होता. नंदकुमारांनी नखाने खरवडला, बोट नाकाशी नेलं आणि गोंधळून तिच्याकडे पाहिलं.

"हे कुंकू आहे. आणि खाली हळद. माझ्या पक्कडीची पूजा कोणी केली?"

४

चेंबूरला धाकूमामाचं घर पुनर्वसनाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर होतं. लिफ्ट बंद. क्षमा कठडा धरून चढली, प्रत्येक वळणावर थांबली. दाराबाहेर कोणाचा तरी दिवाळीचा अर्धवट कंदील वाळत टांगलेला.

दार अर्धं उघडंच होतं. आत दाराशेजारच्या खुर्चीत एक वाळका म्हातारा बसून खिडकीबाहेर बघत होता. क्षमाने बेलचं बटण दाबलं. चिमण्यांचा चिवचिवाट झाला, अगदी म्हाताऱ्याच्या डोक्यावर. तो बघतच राहिला. तिने पुन्हा दाबलं. आतून ओल्या हाताने एक बाई आली.

"या, या ताई. अहो, दारात माणूस उभं आहे!" शेवटचं वाक्य तिने नवऱ्याच्या खांद्याला हात लावून म्हटलं.

धाकूमामा दचकून उठला. "बेल वाजवायची ना बाय!"

"वाजवली की."

"नाय वाजली. ह्या बेलीचा काय खरा नाय. तीन बदललंय, सगळ्यो खराब. आताच्या वस्तूच तशा."

"बेल खराब नाही, धीर खराब आहे तुमचा," सुगंधामामी म्हणाली आणि चहाला आत गेली. भिंतीवर जुन्या बेलींच्या स्क्रूची भोकं दिसत होती.

मामा बोलताना सारखा क्षमाच्या ओठांकडे बघत होता. माणूस मनाने खचला होता. "माझो भाचो. माझ्या मांडीवर वाढलो. पण खोटा कसा बोलू? त्या कॉम्प्युटरान इंजिन खाल्ल्यान. मी त्येका सांगलंय, झिला, मशीनचा नको ऐकू, इंजिनाचा ऐक. इंजिन सांगता तुका."

"दसऱ्याला तुम्ही ती गाडी चालवलीत?"

"पूजेची फेरी. चढावर नेऊन आणलंय."

"काही वाजत होतं?"

"काय नाय." त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच अभिमान उमटला. "बासरीसारखा इंजिन. एक खडो वाजलो असतो तर ह्या कानान सोडलो नसतो. तो आवाज मी झोपेत पण वळखीन."

तो खोटं बोलत नव्हता. खोटं ऐकण्यातच क्षमाचं आयुष्य गेलं होतं. खोट्याला एक घाई असते, तशी घाई त्याच्या बोलण्यात नव्हती. आणि तरी त्याच चढावर, त्याच सकाळी, त्याच इंजिनात दीप्तीने खडे ऐकले होते.

पंख्याखाली क्षमाचा घाम वाळत होता. आतून चहाच्या आल्याचा वास आला. तेवढ्यात तिचा फोन वाजला. चौकीतून होता. नितेशला आज दुपारी बोलावलं होतं, मामांची जबानी लिहून घ्यायची होती, आणि अहवाल तयार असेल तर बरं होईल, असं साहेबांचं म्हणणं होतं.

तिने फोन ठेवला आणि मामाला म्हणाली, "चला माझ्याबरोबर. आधी गॅरेजला, मग चौकीत."

मामाने सदऱ्याची बटणं लावली. दारातून बाहेर पडताना तो बायकोला म्हणाला, "आज त्या पोराक माझ्या तोंडान बुडवतंय गो."

५

गॅरेजात सहदेवने एक शटर खाली ओढलं. नितेश मामाकडे बघत नव्हता. मामा नितेशकडे बघत होता. टायरच्या ढिगावर एक मांजर झोपलं होतं. क्षमाने बाकड्यावर बोल्ट, रबराची चकती आणि पक्कड एका ओळीत मांडली.

"मी दमलेय," ती म्हणाली, "म्हणून लांबण लावत नाही. ज्याला गाडी मोडायची होती त्याने सेन्सरची वायर कापली असती. नितेश, वायर काढली तर काय होतं?"

"लगेच दिवा लागतो. कॉम्प्युटर गाडीची ताकदच कापून टाकतो."

"म्हणजे गाडी मोडतच नाही. रबर घालणाऱ्याला कान बंद करायचा नव्हता, थोडा कमी करायचा होता. त्याला वाटलं, हा कान नसतं काहीतरी ऐकतोय, उगाच गाडी अडवतोय. त्याने दुरुस्ती केली, घात नाही. असं कोणाला वाटेल? ज्याने स्वतः ऐकून बघितलं आणि ज्याला काहीच ऐकू आलं नाही, त्याला."

मामाने खांदे सावरले.

"आता ही पक्कड. मी म्हणत होते, पक्कड लावणारा अडाणी असेल. पण अडाण्याने समोरचा चकचकीत पाना उचलला असता. त्याला कसली आडकाठी? समोर सगळी हत्यारं असून डिकीतली परकी पक्कड शोधणारा माणूस एकच. ज्याच्यासाठी ती हत्यारं त्या दिवशी हत्यारं नव्हती, देव होते. आणि काम झाल्यावर त्याला चुटपुट लागली. दसऱ्याला एका हत्याराला राबवलं, म्हणून त्याने तिला हळदकुंकू लावलं, स्वच्छ फडक्यात गुंडाळलं आणि जागेवर ठेवलं."

सहदेवने हळूच "मामा..." म्हटलं.

धाकूमामाने मान ताठ केली. "व्हय. मीच. दसऱ्याक हात लावलंय, ती माझी चूक. सगळ्यांक दरडावतंय आणि आपणच... म्हणून बोललंय नाय. पण रबरान काय होता? पूर्वी आम्ही कितीदा असा घालू. गाडी पडली याच्या प्रोग्रामान. इंजिन वाजत नव्हता!"

"वाजत होतं, मामा," क्षमा म्हणाली.

"तू ऐकलंस? तू होतीस?" म्हाताऱ्याचा आवाज चढला. "उभो जन्म माझो ह्या आवाजात गेलो!"

"म्हणूनच," ती म्हणाली, पण इतक्या हळू की ते बहुधा कोणालाच ऐकू गेलं नसावं. मग तिने नितेशला खूण केली.

कामाच्या वेळी इंजिनाला माइक लावून नितेश नॉकचा आवाज ऐकत असे, नमुन्यादाखल काही साठवूनही ठेवत असे. त्याने लॅपटॉपला स्पीकर जोडला. खाली घुमणारा बाकीचा आवाज कापून टाकला, नुसते हातोडे तेवढे ठेवले. क्षमाने त्याला वाटेतूनच फोन करून तसं सांगितलं होतं. त्याने विचारलं होतं, कशाला? ती म्हणाली होती, तिथे कळेल.

त्याने कळ दाबली.

काचेच्या बरणीत खडे नाचावेत तशी तीक्ष्ण किणकिण गॅरेजभर उडाली. सहदेवने तोंड वाकडं केलं. क्षमाचे दात आंबले. टायरवरचं मांजर डोळे उघडून उठलं आणि शटरखालून निघून गेलं.

धाकूमामा स्पीकरकडे बघत होता, कान पुढे करून, वाट बघत.

"लाव की रे," तो म्हणाला.

नितेशने आवाज आणखी वाढवला.

"लाव ना झिला. कशाक थांबलंस?"

नितेशने लॅपटॉप बाजूला ठेवला. मग तो मामासमोर येऊन, त्याला तोंड दिसेल असा उभा राहिला.

"लावलंय, मामा. मघापासून लावलंय."

मामाने त्याच्याकडे बघितलं, मग सहदेवकडे. सहदेवने दोन्ही कानांवर हात ठेवले होते. म्हातारा पुढे झाला आणि त्याने स्पीकरच्या जाळीवर बोटं टेकली. बोटांना थरथर लागली असावी, कारण त्याने हात झटकन मागे घेतला.

"बंद कर," क्षमा म्हणाली.

जाड आवाज, माणसांची बोलणी, गिअरची घरघर हे सगळं त्याला ऐकू येत होतं. गेला होता तो फक्त वरचा, बारीक पट्टा. गिरणीतल्या मागांच्या खडखडाटाने तो झिजवायला सुरुवात केली होती, इंजिनांनी तो संपवला होता. इतका हळूहळू, की जे ऐकू येत नाही ते जगातच नाही, असं त्याला वाटत राहिलं.

नितेशने स्पीकरची वायर काढली. मग धाकूमामा बाकड्यावर बसला आणि ती रबराची चकती त्याने तळहातावर घेतली.

"गोल बरी कापलंय," तो म्हणाला.

६

चौकीत मामाने जबानी दिली. लिहून घेणाऱ्या शिपायाने दोनदा विचारलं, "आजोबा, नक्की ना? तुमच्यावर येईल हे." मामा म्हणाला, "माझ्यावर येऊक नको तर कोणावर? त्या पोराचा काम चोख होता. लिव्ह तू." क्षमाच्या अहवालात मुकुलचं पेट्रोल आलं, रबर आलं, पक्कड आली. ‘सदोष काम’ आलं नाही. म्हाताऱ्याला पुढे किती खेपा घालाव्या लागतील हे तिला सांगता येत नव्हतं. हेतू दुरुस्तीचा होता, एवढं मात्र तिने ठळक लिहिलं. साहेबांनी नितेशला घरी जायला सांगितलं.

नंदकुमारांना तिने फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी पेट्रोलचं पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "पक्कड परत मिळेल ना?" आणि जरा थांबून, "त्या मामांना म्हणावं, दीप्ती बरी आहे."

क्षमाला आता घरी जाऊन पाय गरम पाण्यात ठेवायचे होते. पण मामाला एकट्याला सोडवेना, म्हणून तिने आणि नितेशने त्याला टॅक्सीत घातलं. वाटेत मामा फक्त एकदा बोलला. मैदानाजवळ झाडांवर संध्याकाळची पाखरं उतरत होती. काच खाली करून तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "माका वाटला होता, मुंबैतली पाखरांच गेली."

नितेशने मान दुसरीकडे फिरवली. थोड्या वेळाने तो म्हणाला, "मामा, मुलुंडच्या दुकानात येशील?"

"मी? बहिरो माणूस काय करतलंय?"

"हात कुठे बहिरे आहेत तुझे?"

मामाने आपले तळहात उलटेपालटे करून बघितले.

लिफ्ट अजून बंदच. तिघं कठडा धरून चढली, क्षमा सगळ्यांत मागे. सुगंधामामीने दार ओढून घेतलेलं होतं. नितेश दार वाजवायला पुढे झाला, तसा मामाने त्याचा हात धरला. मग त्याने आपला अंगठा बेलच्या बटणावर ठेवला आणि दाबला. काढलाच नाही. दाराकडे बघत, श्वास धरून तो दाबत राहिला. आत चिमण्या चिवचिवत होत्या, एकमेकींवर चढून, थांबता थांबत नव्हत्या. त्याच्या चेहऱ्यावर त्यातलं काहीच उमटत नव्हतं.

धाडकन दार उघडलं.

"अहो, बोट काढा ना ते!" सुगंधामामी ओरडली. "कान किटले माझे! किती वाजवाल?"

मामाने अंगठा काढला. बायकोकडे बघितलं, मग भिंतीवरच्या त्या जुन्या भोकांकडे.

"वाजता?" त्याने विचारलं.